ओल्या फडक्यातली बाटली

तिसरी बाटलीही ओल्या फडक्यात गुंडाळूनच आली. दुधाच्या गाडीवाल्यानं ती माझ्या टेबलावर ठेवली, "मोघेसाहेबांच्या फुलांचं पाणी" म्हणाला आणि मी सहीची वही पुढे करेपर्यंत जिना उतरलासुद्धा. फडकं जुन्या लुगड्याचं होतं, स्वच्छ धुतलेलं, वर सुतळीची घट्ट गाठ. एप्रिलच्या उन्हात बावीस किलोमीटर येऊनही बाटली हाताला गार लागत होती. नमुना गार ठेवावा असं आमच्या पत्रकात छापलेलं असायचं आणि ते कुणीही वाचत नसे. लोक तेलाच्या डब्यातून पाणी आणत, औषधाच्या बाटलीतून आणत, आणि वर निकाल लवकर द्या म्हणून डोळे वटारत. त्या सगळ्यांत ही एक बाटली शहाण्यासारखी येते म्हणून मला तिचं कौतुक वाटायचं.

तालुक्याच्या गावातल्या त्या माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा एकटीच होते. माझा सहायक दिवाळीत नोकरी सोडून गेला होता आणि पुण्याचं मुख्य कार्यालय "बघतो, बघतो" करत होतं. घरी आई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेली. तिला कुशीवर वळवायचं, पुसून घ्यायचं, भरवायचं आणि मग दहाला येऊन पाण्यातला चुना मोजायचा. माझं वय बेचाळीस होतं, पण त्या दिवसांत कुणी पासष्ट म्हटलं असतं तरी मी वाद घातला नसता.

मोघ्यांचं पाणी मी तासाभरात तपासलं. लिटरमागे क्षार अठ्ठेचाळीस मिलिग्रॅम. सामू, म्हणजे पाणी आंबटाकडे झुकतं की चुन्याकडे ते सांगणारा आकडा, सात पूर्णांक एक. ऑर्किडला याहून चांगलं पाणी मागून मिळालं नसतं. ऊस, भात, कांदा कसलंही पाणी पोटात घालतात, पण ही ऑर्किडं फार नाजूक. त्यांची मुळं मातीत नसतात, नारळाच्या सोडणांच्या तुकड्यांत उघडी पडलेली असतात. पाण्यात जरा क्षार वाढले की मुळांची टोकं काळी पडतात आणि झाड महिनाभर काही न बोलता मरत राहतं.

मोघ्यांची झाडं तशीच मरत होती. फेब्रुवारीपासून.

सुधीर मोघे कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. मावळात डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी आठ वर्षांपूर्वी पॉलिहाऊस घातलं होतं. राहायला पुण्यात, शेतावर फक्त रविवारी. बाकी सहा दिवस तिथं गेणू खांडभोर हा माळी आणि त्याची बायको हौसाबाई. उंटावरून शेळ्या हाकायचाच प्रकार, पण गेणू माणूस असा होता की शेळ्या नीट चालत होत्या. डिसेंबरात मी एकदा तिथं गेले होते, तेव्हा तोच मला रांगांतून फिरवून आणत होता. पन्नाशी उलटलेला, काटकुळा, पायात काही नाही. पांढऱ्या फुलांच्या मोठ्या झाडांपाशी तो थांबला आणि म्हणाला की ही चारशे झाडं साहेबांनी बोटाएवढी आणली होती, आठ वर्षं म्या वाढवली. बाटली कशी भरायची ते मी त्याला शिकवलं होतं. नळ पाच मिनिटं सोडून द्यायचा, बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळबळायची, काठोकाठ भरायची. त्यानं मान डोलावून सगळं परत म्हणून दाखवलं.

तिसऱ्या बाटलीच्या दिवशी दुपारी मोघ्यांचा फोन आला. मी आकडे सांगितले. पलीकडून ते म्हणाले, "म्हणजे पाणी गंगेसारखं आहे. तीनदा तपासलं, तीनदा तेच. मग मुळांवर ते पांढरं काय बसतंय?"

मी म्हटलं, क्षारच असणार.

"पाण्यातून येत नाहीत, तर खतातूनच येतात ना? गेणूचा हात सढळ आहे. मी त्याला विचारलं तर म्हणतो, नवी टाकी बांधल्यापासून झाडं रुसली. माझी टाकी! मी स्वतः ड्रॉइंग काढून बांधून घेतली आहे. मॅडम, एक काम करा, हे अहवालात एका ओळीत लिहून द्या. मला त्याच्याशी तोंडी वाद घालायचा नाही."

मी नाही म्हणू शकले असते. पाणी तपासणाऱ्यानं खतावर बोलायचं कारण नव्हतं. पण त्याच वेळी शेजारच्या सुमनताईंचा निरोप आला की आईनं जेवण उलटून टाकलंय, आणि समोर अजून एकोणीस बाटल्या रांगेत उभ्या होत्या. मी ती ओळ लिहिली. 'सिंचनाच्या पाण्यात दोष आढळत नाही. मुळांवरील क्षार खताच्या अतिमात्रेमुळे असण्याची शक्यता आहे.' अहवालाच्या वरच्या बाजूला एक रकाना असायचा, नमुना कोणी घेतला. नियमानं नमुना प्रयोगशाळेच्या माणसानंच जागेवर जाऊन घ्यायचा. एकट्या बाईनं रोज किती गावं फिरायची? सहायक गेल्यापासून मी त्या रकान्यात सरसकट 'स्वतः, वैजयंती सोवनी' असं लिहून मोकळी होत होते. पहिल्या दिवशी हात अडखळला होता. एप्रिलपर्यंत त्या हाताला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

सही करून झाल्यावर मला तहान लागली. माठ कोरडा होता. मोघ्यांची बाटली समोरच होती, निम्मी भरलेली, अजून गार. तपासणीचा नमुना तोंडाला लावायचा नाही हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी बाटली उचलली आणि उभ्या उभ्या सगळं पाणी पिऊन टाकलं. पाणी गोड होतं आणि शेवटी जिभेवर अगदी हलकी तुरट चव राहिली. कितीतरी दिवसांत मला काही इतकं बरं वाटलं नव्हतं.

दहा दिवसांनी, शनिवारी, गेणू माझ्या दारात उभा राहिला. तो पहिल्या एसटीनं आला होता आणि मी यायच्या आधीपासून जिन्यात बसून होता. आत ये म्हटलं तर त्यानं आधी दाराबाहेर पाय झटकले. मग खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढून टेबलावर उलगडली. आत ऑर्किडचं एक मूळ होतं, सुतळीएवढं जाड, टोकाला काळं, वर पांढरी पूड.

मोघ्यांनी त्याला अहवाल वाचून दाखवला होता. महिनाअखेरीला खोली सोडायला सांगितली होती. आरडाओरडा केला नव्हता. गेणू म्हणाला, साहेब मोठा माणूस, शिवी दिली नाय. फक्त कागद पुढं केला.

"तुमी कागदावर लिवलं म्हंजी खरंच आसणार," गेणू म्हणाला. "म्या चार बुकं शिकलो नाय. पर म्याडम, मापाचा चमचा हाय माझ्याकडं. त्यो चमचा म्या आठ वर्सांत कंदी शीग लावून भरला नाय."

तो भांडायला आला असता तर मला सोपं गेलं असतं.

"नोकरीचं नाय एवढं. कुटंबी राबीन. पर झाडं मारली म्हनत्यात माझ्या हातानं." तो मुळाकडे बघत होता. "तुमी एकदा सोता येऊन पानी बघाल का?"

'स्वतः' हा शब्द त्यानं सहज वापरला होता. त्या रकान्यात मी काय लिहिते हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. तरी माझे कान तापले. मी त्याला म्हटलं, उद्या येते. तो गेल्यावर मी ते मूळ भिंगाखाली धरलं. पूड बोटावर घेऊन त्यावर आम्लाचा एक थेंब टाकला. ती फसफसली. खताचे क्षार असे फसफसत नाहीत, चुना फसफसतो. मी खुर्चीत बसले आणि तिन्ही अहवाल पुन्हा काढले. फेब्रुवारी अठ्ठेचाळीस, मार्च सत्तेचाळीस, एप्रिल अठ्ठेचाळीस. पावसाचं साठवलेलं पाणी उन्हाळ्यात आटतं आणि आटताना घट्ट होतं, आकडा चढत जायला हवा. हे शाळेतल्या मुलानंही सांगितलं असतं. तीन महिने आकडा जागचा हलला नव्हता आणि मला ते दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं की बघितलं नव्हतं, याचा निवाडा मी अजून केलेला नाही.

रविवारी आईला सुमनताईंच्या हवाली करून मी निघाले. फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालत गेले. मोघे पुण्याहून यायचे होते, गेणू आत फवारे बघत होता. हौसाबाईनं मला त्यांच्या खोलीपुढच्या ओट्यावर बसवलं. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. ठेंगणी, उन्हानं रापलेली, कपाळावर मोठं गोंदण. नवऱ्याची नोकरी ज्या कागदानं गेली तो लिहिणारी बाई दारात आली होती, आणि तिनं आधी काय केलं तर पदरानं ओटा झाडला. मग आतून गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आली.

मी घोट घेतला आणि थांबले. ती चव मला माहीत होती. गोड, आणि शेवटी जिभेवर हलकी तुरट.

"हे पाणी कुठलं?" मी विचारलं.

"उंबराच्या झऱ्याचं. त्या वरल्या कड्याखाली हाय. आर्धा तास लागतो चढाया." तिचा चेहरा उजळला. "तुमाला धाडते ना बाटलीतून, त्येच. गोड हाय ना?"

मी तांब्या ओट्यावर ठेवला. मी हळूच विचारलं की बाटल्या तुम्ही भरता का. ती म्हणाली, दुधाची गाडी येते तेव्हा मालक, म्हणजे गेणू, फवाऱ्याच्या चाव्या सोडत असतात, त्यांना सवड कुठली. ते सांगतात म्याडमकडं पानी धाडायचंय, आणि मी भल्या पहाटे वर जाऊन आणते. नळ टाकीखालीच होता, ओट्यापासून दहा पावलांवर. मी त्याच्याकडे बघितलं. तिलाही ते कळलं.

"त्या टाकीचं कसं धाडू, बाई?" ती म्हणाली. "त्येला चुन्याचा वास मारतो. आमी तोंडात घेत नाय. परक्या गावाला, तुमच्यासारक्या बाईच्या घरी जानारं पानी. पानी पास व्हायला पायजे म्हनत व्हते. पोरगी दाखवायची तर न्हाऊमाखू घालूनच दाखवतो ना आपन?"

ती हसत होती. मला त्या क्षणी तिच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं, ते मी केलं नाही. तिनं पहाटे अंधारात कडा चढून माझ्यासाठी सगळ्यात चांगलं पाणी आणलं होतं. ते गार राहावं म्हणून ओल्या फडक्यात बांधलं होतं. तपासणीसाठी नाही, मला प्यायला गार लागावं म्हणून. आणि त्याच पाण्यानं तिच्या नवऱ्याला दोषी ठरवलं होतं.

मी पिशवीतलं यंत्र घेऊन नळापाशी गेले. पाच मिनिटं पाणी सोडून दिलं, भांडं तीनदा खळबळलं, सगळं शिकवल्याप्रमाणे. सामू दहाच्या वर गेला. वर चढून टाकीत बघितलं तर आतल्या भिंतीवर नख सहज रुतत होतं. कोऱ्या सिमेंटची टाकी, पंधरा दिवससुद्धा पाणी भरून, सोडून मुरवलेली नव्हती. त्यात शेततळ्यातलं पावसाचं पाणी. पावसाचं पाणी मऊ असतं, त्याच्यात स्वतःचं काही नसतं म्हणून ते मिळेल तिथून ओढून घेतं. तीन महिने ते भिंतीतला चुना ओढत होतं आणि झाडांच्या उघड्या मुळांवर नेऊन टाकत होतं. गेणूनं एका वाक्यात हे सांगितलं होतं, नवी टाकी बांधल्यापासून झाडं रुसली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी माझ्या हातानं, शिक्क्यानिशी दिली होती.

अकराच्या सुमारास मोघे आले. मी त्यांना टाकीपाशी नेऊन यंत्रावरचा आकडा दाखवला. इंजिनिअर माणूस, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ते टाकीकडे बघत राहिले, त्यांच्या कपाळावर घाम आला. गेणू बाजूला उभा होता. हौसाबाई चहाचं ताट घेऊन ओट्याच्या पायरीवर आली होती आणि साहेबांचं बोलणं संपायची वाट बघत होती.

मोघ्यांनी बॅगेतून तिन्ही अहवाल काढले. त्यांचा आवाज चढला नाही, पण कडक झाला.

"टाकी माझी चूक. मान्य. पण मग हे काय आहे? तीन महिने अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. हे पाणी ह्या नळाचं नाही. पहिल्याच अहवालात खरं आलं असतं तर माझी सगळी झाडं वाचली असती. ह्या बाटल्या कुणी भरल्या?"

मी गेणूकडे बघितलं. तो मोघ्यांकडे बघत नव्हता. तो बायकोकडे बघत होता, तिच्या हातातल्या ताटाकडे, आणि मग वर कड्याकडे. त्याला त्या एका क्षणात सगळं समजलं हे मी पाहिलं. त्याचं तोंड उघडलं.

"साहेब, ती बाटली म्या..."

"नमुना मी घेतला होता," मी म्हणाले.

मोघे माझ्याकडे वळले.

"रकान्यात बघा. माझं नाव आहे, माझी सही आहे. मी चुकीच्या जागेचं पाणी भरलं. वर झरा आहे, त्याचं."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. 'स्वतः, वैजयंती सोवनी.' ते फक्त रविवारी येत, मी कधी आले आणि कधी नाही हे त्यांना सांगता आलं नसतं. एवढी शिकलेली बाई तीनदा नळ सोडून झऱ्यावर का जाईल, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. पण पुढ्यात सहीचा कागद होता आणि त्यांचा आयुष्यभर कागदावरच विश्वास. ते म्हणाले, मला हे तुमच्या कार्यालयाला कळवावं लागेल. मी म्हटलं, कळवा. मग ते गेणूकडे गेले. म्हणाले, "गेणू, जुनी टाकी कुठं ठेवली आहेस? आजच जोडून घेऊ." माफी मागणं त्यांना जमलं नाही, पण गेणूला तेवढं पुरलं. खोली सोडायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

हौसाबाईनं ताट पायरीवर ठेवलं आणि ती आत गेली. चहा तिथंच निवला.

दुपारी मी निघाले तेव्हा ती बाहेर आली नाही. डोकं दुखतंय म्हणून पडलीय, असं गेणू म्हणाला. फाट्यापर्यंत तो माझ्याबरोबर चालत आला. ऊन मरणाचं होतं.

निम्म्या वाटेत त्यानं विचारलं, "तुमी का अंगावर घेतलं?"

"अंगावर घेतलं नाही, गेणबा. ते माझंच होतं. मी न येता, आले असं लिहीत होते."

त्यानं यावर विचार केला. तो पटल्यासारखा दिसला नाही.

"बाटली धाडली की दिसभर खुशीत असायची ती," तो म्हणाला. "म्हनायची, म्याडमला पानी ग्वाड लागलं आसंल. तिला ना पोर ना बाळ, कुनाला काय द्याया मिळत नाय." थोडं चालून तो थांबला. "तिला कळाया नको, म्याडम. साहेबानं मला हाकललं त्ये तिच्या पान्यानं, ह्ये कळलं तर ती त्या कड्यावरनं उडी टाकील."

मी म्हटलं, माझ्याकडून कळणार नाही. त्यानं हात जोडले. एसटी आली.

मोघ्यांनी कळवलं. पुण्याहून दोघे जण आले, त्यांनी माझे सगळे अहवाल काढले आणि 'स्वतः' हा शब्द किती गावांत एकाच दिवशी हजर होता ते मोजलं. एका दिवशी मी सात गावांत होते. बचाव करण्यासारखं काही नव्हतं. मेअखेर मला काढून टाकलं. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मी घरी आईजवळ दुपारी झोपले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाही, इतकं सुख होतं. आई दिवाळीआधी गेली. पुढं मला एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळेचं काम मिळालं, तिथं मुलांना मी एकच गोष्ट घसा कोरडा होईपर्यंत सांगितली, की आधी बाटली कुणी भरली ते विचारा. मुलं त्याची नक्कल करायची.

चारशेतली दीडशे झाडं जगली, असं मोघ्यांनी नंतर एका पत्रात लिहिलं. माझ्यावरचा राग त्या पत्रातही होता, आणि तरी त्यांनी ते पाठवलं होतं.

त्या एप्रिलनंतर अकरा वर्षांनी गेणू गेल्याचं मला कळलं. तोवर मोघ्यांनी शेत विकलं होतं आणि नवराबायको खालच्या वाडीत स्वतःच्या घरी राहत होती. मी बाराव्या दिवसानंतर भेटायला गेले. हौसाबाई ओट्यावर बसली होती. तिनं मला लगेच ओळखलं. पदरानं ओटा झाडला. मी गेणूबद्दल चार शब्द बोलले, तिनं ऐकून घेतले. शेवटपर्यंत झाडांचं नाव काढत होता, असं म्हणाली. मग ती दाराच्या चौकटीला धरून उठली.

"बाई, कुठलं पानी देऊ?" तिनं विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. आपल्याकडे पाहुण्याला पाणी देतात, कुठलं देऊ असं कुणी विचारत नाही.

"त्या दिसापासून म्या कुनालाबी इचारल्याबिगर पानी देत नाय," ती म्हणाली.

बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. मी विचारलं, "गेणबांना ठाऊक होतं? तुम्हाला कळलंय ते?"

"नाय." तिनं मान हलवली. "म्या पायरीवर उभी व्हते, बाई. मी काय बहिरी व्हते? पर त्यांना वाटायचं मला ठावं नाय. अकरा वर्सं जपलं त्यांनी मला. कुनी पान्याचा इषय काढला की दुसरंच बोलायचे. मला जपल्याचं त्यांना लई बरं वाटायचं." ती चौकटीला टेकली. "मंग मीबी त्यांना जपलं."

मी डोळे पुसले. तिचे कोरडेच होते, ती दारात उभी राहून उत्तराची वाट बघत होती.

"तुम्ही पिता ते द्या," मी म्हणाले.

"मी आता नळाचंच पिते. झऱ्यावर चढाया पाय उचलत नाय." ती आत गेली आणि स्टीलचा पेला भरून घेऊन आली. पाण्याला औषधाचा वास होता आणि ते कोमट होतं. मी ते सगळं प्यायले.